बिनपत्त्याचा आवाज

सायकल दुरुस्त करणारे गल्लोगल्ली सापडतात. पण आधी सायकलचं म्हणणं नीट ऐकून घेणारा त्या सगळ्या वस्तीत एकच होता, आणि त्याला लोक कानसेन म्हणायचे. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर जुनी मडगार्डं टांगलेली असल्यामुळे ते कुणी वाचलेलं नव्हतं. वय साठीच्या आसपास, अंगकाठी सडपातळ, केस विरळ. कान मात्र चांगले ऐसपैस. ते देताना वरच्याने हात सैल सोडला होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे एक पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक आलं की पहिली पाच मिनिटं पान्याला हात लावायचा नाही. पाना हातात आला की डोकं बंद पडतं, असं कानसेनचं ठाम मत होतं, आणि दुसऱ्या दुकानांत चाललेलं काम पाहिलं की ते पटायचंही. आधी सायकलवरचं सगळं उतरवायचं. पिशवी, डबा, कुलूप, पंप, छत्री, सगळं. "पाहुण्यांना बाहेर काढा," तो म्हणे, "मग घरच्यांचं भांडण ऐकू येतं." मग मालकाने सायकल विजेच्या खांबापर्यंत न्यायची आणि परत आणायची. कानसेन बाजूने मान तिरकी करून भरभर चालायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस सायकलला काहीतरी गुपित विचारतोय.

मग प्रश्न. आवाज पायडल मारताना येतो की नुसतं चाक फिरलं तरी येतो? बसून येतो की उभं राहिल्यावरही? एका फेऱ्यात एकदा की दोनदा? आणि शेवटी, कधीपासून? या प्रश्नाला सगळे खोटं बोलतात. सहा महिने कुरकुरणारी सायकल घेऊन माणूस येतो आणि शपथेवर सांगतो, कालपासून.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळलं की कानसेन एका लांबट वहीत लिहून ठेवी. डाव्या रकान्यात आवाज, उजव्या रकान्यात पत्ता. 'टक, डावा पाय खाली जाताना. कॉटर पिन.' 'खुळखुळ, खड्ड्यात. पुढच्या मडगार्डाचा नट.' 'गडगड, वळणावर. फ्रेमच्या नळीत हरवलेला छर्रा.' एका पानावर 'किणकिण, फक्त घरी जाताना' असं लिहिलेलं होतं. ती एका छापखान्यातल्या माणसाची सायकल. तिच्यापायी कानसेनने दोन दिवस दोन्ही चाकं खोलून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी कळलं, तो रिकाम्या डब्यातला चमचा होता. आधी सगळं उतरवायचा नियम त्या चमच्याने घालून दिला.

"आवाज कधी बेवारस नसतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. "त्याला पत्ता असतोच. शोधणारा आळशी असतो." पस्तीस वर्षांत वहीचा उजवा रकाना एकदाही रिकामा राहिला नव्हता. माणसाला अभिमानाला काहीतरी लागतं. कुणाची मुलं पहिली येतात, कुणाच्या बागेत मोठे भोपळे लागतात. कानसेनला ही वही होती.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करी. भिंगं घासून, कडा गोल करून, फ्रेममध्ये बसवायचं काम. केसाएवढा ओरखडा तिला हातभर अंतरावरून दिसे. म्हणजे नवरा कानाचा आणि बायको डोळ्यांची, आणि अशा घरात काही लपवून ठेवणं कठीणच. तरीही दोघांनी एकमेकांपासून एकेक गोष्ट वर्षानुवर्षं लपवली होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच आवाजाच्या होत्या.

बायकोची निळी सायकल कुरकुरायची. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोची सायकल! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुर्र, मग थोडं थांबून टक. कुर्र, टक. जुन्या दाराची कडी कुणीतरी सावकाश लावतंय असा. सपाट रस्त्यावर हा आवाज नसे. पण गल्लीच्या कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान होतं, तिथून घरापर्यंत बारीकसा चढ होता, आणि त्या चढाला ती सायकल न चुकता बोले.

सायकल नवी होती त्या वर्षी कानसेनने दोनदा शोध घेतला, दोन्ही वेळा हात हलवत परत आला. तिसऱ्या वेळी त्याला कळलं. आवाज बसल्यावर येतो, उठल्यावर जातो, म्हणजे सीट. बायको खांद्याला पिशवी अडकवून डावीकडे झुकून बसते, म्हणजे सीटची डावी स्प्रिंग. त्याने पाना उचलला, नटाला लावला, आणि तिथेच थांबला.

कारण असं होतं. बायकोची घरी यायची वेळ ठरलेली नसे. काम कमी असलं तर साडेपाच, जास्त असलं तर साडेसात. पण कोपऱ्यावर कुर्र-टक ऐकू आलं की कानसेन हातातलं काम खाली ठेवायचा, चिंधीला हात पुसायचा, पडद्यामागे जाऊन चहाचं आधण ठेवायचा. ती चढ चढून, सायकल भिंतीला लावून, चपला काढून, तोंड धुऊन येईपर्यंत कप तिच्या हातात. पहिला घोट घेताना ती डोळे मिटायची. दिवसभर बारीक कडा बघून थकलेले डोळे. ते मिटलेले बघितले की कानसेनचा दिवस पुरा व्हायचा.

म्हणून त्याने पाना खाली ठेवला. कुणाला काही बोलला नाही. वहीतही लिहिलं नाही.

बायकोला वाटायचं, फाटक वाजलं की हे चहा ठेवत असतील. इतक्या लवकर चहा होतो कसा, हे तिने कधी विचारलं नाही. आयता कप हातात आला की माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही. आवाजाबद्दल मात्र तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं, की नवऱ्याला तो सापडलेला नाही. तिने बोलून दाखवलं नाही. चष्म्याच्या दुकानात कुणी चेष्टा केलीच तर ती म्हणायची, "मीच हात लावू देत नाही त्यांना माझ्या सायकलला." झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ उघडली शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंमुळे.

बाई एका दुपारी सायकल ढकलत आल्या. चेहरा असा, की सायकल नाही, नापास झालेला वर्ग घेऊन आल्या आहेत. "काका, हा टिक टिक आवाज. दुसरीकडे पायडलं बदलली, चेन बदलली. आता म्हणतात फ्रेमच बदला."

"सायकलच बदला म्हणाले नाहीत, एवढी कृपा," कानसेन म्हणाला. त्याने कुलूप काढलं, पिशवी उतरवली, आणि स्वतः सायकलवर बसून खांबापर्यंत जाऊन आला. काहीच नाही. "आता तुम्ही बसा." बाई बसल्या, आणि टिक. टिक. टिक. उजवा पाय वर आला की एकदा. कानसेन मान तिरकी करून बाजूने चालत राहिला, आणि अर्ध्या वाटेत हसायला लागला.

"बाई, पाहुणा तुमच्या पायात आहे."

उजव्या बुटाच्या पट्टीचं टोक सुटून लोंबत होतं, आणि दर फेऱ्याला पायडलच्या दांड्याला टिचकी मारत होतं. काखेत कळसा म्हणतात, इथे तो पायात होता. बाई इतक्या हसल्या की त्यांना सायकलवरून उतरावं लागलं. "आणि मी पोरांना निरीक्षण शिकवते," म्हणाल्या. मग डोळे पुसून, अगदी मनापासून कौतुकाने पुढे म्हणाल्या, "लोक काय वाट्टेल ते बोलतात हो. तुम्हाला नाही सापडणार असा आवाज असेल का कुठे?"

"कोण काय बोलतं?"

बाईंच्या लक्षात आलं की जीभ घसरली, पण कानसेन आता प्रश्न सोडणार नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "चष्म्याच्या दुकानात ऐकलं. काउंटरवरचा माणूस सांगत होता, कानसेनला घरच्या सायकलचा आवाज बारा वर्षांत सापडला नाही. बायको बिचारी सांभाळून घेते, म्हणते मीच हात लावू देत नाही."

बाई गेल्यावर कानसेनने वहीत 'टिक. बुटाची पट्टी' एवढं लिहिलं, आणि नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा तासभर इकडचे पाने तिकडे करत राहिला. संध्याकाळी कुर्र-टक ऐकू आलं. त्याने चहा ठेवला, पण कप हातात देताना विचारलंच.

"तू दुकानात माझ्याबद्दल काय सांगतेस?"

"चांगलंच सांगते. का?"

"मला सायकलला हात लावू देत नाहीस म्हणून सांगतेस?"

"मग काय सांगू? नवऱ्याला सापडत नाही म्हणून सांगू?"

"सापडत नाही? मला?"

तिने कप खाली ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, "अहो, नाही सापडला तर नाही सापडला. एखादा आजार डॉक्टरलासुद्धा कळत नाही. त्यात लाज कसली?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ही माया त्याच्या जास्त जिव्हारी लागली. "सापडलाय," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वीच सापडलाय. मुद्दाम ठेवलाय मी तो."

"मुद्दाम? कुरकुर कुणी मुद्दाम ठेवतं का? कशासाठी?"

आता खरं तर एका वाक्याचं काम होतं. पण लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोसमोर 'मी रोज तुझी वाट बघतो' म्हणणं हे चोरी कबूल करण्यापेक्षा अवघड जातं. कानसेनची मान खाली गेली. "आहे एक कारण."

"असेल, असेल," ती म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली.

त्या 'असेल'ने घात केला. कानसेन ताडकन उठला, निळी सायकल अंगणात ओढली आणि उलटी केली. "ये बाहेर. बघ." उजेड अजून चांगला होता. त्याने सीट काढली, दोन्ही स्प्रिंगा बदलून नव्या घातल्या. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. इरेला पेटलेल्या माणसाचा हात थांबत नाही. त्याने चेनला तेल पाजलं, दोन्ही चाकांना पाजलं, पायडलं, ब्रेक, स्टँड, कॅरिअर, जिथे फट दिसली तिथे पाजलं. बुधली निम्मी रिकामी झाली. मग सायकल सुलटी करून म्हणाला, "जा कोपऱ्यापर्यंत."

ती गेली आणि चढ चढून परत आली. काही नाही. सायकल रेशमावरून चालल्यासारखी आली.

"अहो, खरंच गेला!" ती उतरता उतरता ओरडली. तिला इतका आनंद झाला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "उद्या सांगते त्या काउंटरवाल्याला!" आणि तिने खरंच सांगितलं, एकट्या काउंटरवाल्याला नाही, भिंगं पोचवायला येणाऱ्यालासुद्धा. कानसेनने वही काढून ठळक अक्षरांत लिहिलं, 'कुर्र-टक, चढावर, बायकोची सायकल. सीटची डावी स्प्रिंग.' आणि त्या रात्री तो शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पावभट्टीवाल्याच्या सायकलखाली बसून चेन जोडत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "आज चहा नाही वाटतं?" तो दचकून उठला आणि कॅरिअरला डोकं आपटलं. बायको चपला काढून, तोंड धुऊन उभी होती. चहा तिनेच केला. डोक्याला बर्फ लावून त्याने तो चहा घेतला, आणि पहिल्या घोटाला तिने डोळे मिटले की नाही हे बघायचं राहून गेलं.

एक दिवस चालतं. पण रोज तसंच व्हायला लागलं. त्याने घड्याळ बघून सहाला आधण ठेवलं, तर ती सातला आली आणि भांड्याचं बूड काळं झालं. साडेसहाला ठेवलं, तर ती साडेपाचलाच येऊन बसलेली. मग तो रस्त्याकडे बघत काम करायला लागला, आणि रस्त्याकडे बघत चाकाच्या तारा कसल्या की काय होतं ते त्या आठवड्यात पोस्टमनच्या चाकाने दाखवून दिलं. चाक लाह्या भाजल्यासारखं उडत चालायला लागलं. इतकी वर्षं कान राखणीला बसलेला असायचा आणि हात निवांत काम करायचे. आता राखण डोळ्यांना करायची होती, आणि डोळे तर कामाला हवे होते. एका संध्याकाळी तिला फार उशीर झाला तेव्हा तो दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "काय हरवलंय?"

"काही नाही," कानसेन म्हणाला. "सुई."

"सुई तर माझी हरवायला पाहिजे," शिंपी म्हणाला आणि पुन्हा मशीन चालवू लागला.

हात दाखवून अवलक्षण झालं होतं खरं. चार लोकांत नाव राखलं आणि घरात चाहूल घालवली.

रविवारी बायको बहिणीकडे चालत गेली. फाटक वाजल्याबरोबर कानसेनने भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केला. शेकडो नट, वॉशर, तुटक्या कड्या. त्यातून त्याने ती जुनी डावी स्प्रिंग शोधून काढली. तिला निळ्या रंगाचा शिंतोडा होता, म्हणून ओळखू आली. रॉकेलने धुऊन, कोरडी करून, त्याने ती परत सीटखाली बसवली. सोमवारी संध्याकाळी कान देऊन बसला. ती आली, आणि काहीच वाजलं नाही. मंगळवारी सकाळी नट थोडा ढिला केला. संध्याकाळी 'चुईं' असं काहीतरी आलं, ते ऐकून शिंप्याचं कुत्रं भुंकलं. पण हा तो नव्हता. जन्मभर आवाज घालवण्यात हात बसलेला. आवाज बसवायची विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती.

जुनी स्प्रिंग परत घातली तरी आवाज येत नाही, याचा अर्थ एकच निघतो. दुसऱ्या कुणाच्या सायकलबद्दल त्याने तो एका श्वासात सांगितला असता. पण तो विचार दाराशी आला आणि कानसेनने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. जुन्या स्प्रिंगेला बसायला वेळ लागतो, असं काहीतरी मनाशी म्हणाला. बुधवारी सकाळी निमूटपणे नवी स्प्रिंग परत घातली आणि नट आवळला.

बुधवारी संध्याकाळी बायकोने चहा केला, दोन कप घेऊन दुकानातच येऊन बसली.

"सोमवारी सीटखाली जुनी स्प्रिंग होती," ती म्हणाली. "निळ्या शिंतोड्याची. आज परत नवी आहे. काय चाललंय तुमचं?"

चोराच्या मनात चांदणं. कानसेनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो चष्माही तिनेच बनवलेला, त्यामुळे तिथेही लपायला जागा नव्हती. मग त्याने सांगून टाकलं. कोपरा, चढ, आधण, चिंधी, अकरा वर्षांपूर्वी खाली ठेवलेला पाना, सगळं. सांगताना तो एका मोडक्या पायडलकडे बघत होता.

"बारा वर्षं?" तिने हळूच विचारलं.

"अकरा. पहिलं वर्ष खरंच शोधत होतो."

तिने पदराने डोळे टिपले, आणि टिपता टिपता हसायला लागली. "आणि मी वेडी तुमची अब्रू झाकत फिरत होते!" दोघंही हसले. हसून झाल्यावर तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तो तसाच राहू दिला.

"सोपं आहे," मग ती म्हणाली. "मी कोपऱ्यावर घंटी वाजवीन."

दुसऱ्या दिवसापासून ती घंटी वाजवायला लागली. पण घंटी सगळ्यांनाच असते. कानसेनने एकदा पेपर टाकणाऱ्यासाठी आधण ठेवलं, एकदा विज्ञानाच्या बाईंसाठी, आणि बाई आयत्या चहाला नाही म्हणाल्या नाहीत. आणि खरी घंटी ओळखू आली तरी काहीतरी कमी पडायचं. काय ते त्याला पुष्कळ दिवस सांगता येईना. घंटी म्हणजे हाक होती. कुणीतरी बोलावतंय, मग उठायचं. त्या कुर्र-टकमध्ये ती बोलावत नसे. ती नुसती येत असे. पण बायकोने इतक्या हौसेने काढलेला उपाय, त्याला नावं ठेवायची नाहीत एवढी अक्कल त्याला होती. तो म्हणायचा, छान चाललंय.

तेल पाजलं त्याला साडेतीन आठवडे झाले असतील. संध्याकाळी कानसेन पोस्टमनच्या चाकाची झालेली चूक निस्तरत बसला होता. एकेक तार टिचकी मारून बघत होता. रस्त्याकडे त्याची पाठ होती, आणि घंटी अजून वाजली नव्हती.

कुर्र.

हातातली तार तशीच राहिली. त्याने श्वास धरला.

टक.

तो उठला. हात पुसले की नाही, त्याला नंतर आठवलं नाही. पडद्यामागे जाऊन त्याने आधण ठेवलं, गॅस पेटवला, आणि चहाच्या डब्यात चमचा घालता घालता थांबला. जो विचार त्याने दाराशी अडवला होता तो आता सरळ आत येऊन बसला. दोन्ही स्प्रिंगा नव्या आहेत. डावी तर त्या बुधवारी स्वतःच्या हाताने आवळली आहे. म्हणजे स्प्रिंगेचा काही संबंधच नव्हता. त्या दिवशी रागाच्या भरात निम्मी बुधली तेल पाजलं, सायकल उलटी-सुलटी केली, तेव्हा ते तेल झिरपत झिरपत कुठेतरी खऱ्या जागी पोचलं. आणि आता ते सुकलं. कुठे, देव जाणे. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी पाना खाली ठेवताना जे घालवायचं नाही असं आपण ठरवलं, ते आपल्याला घालवताच आलं नसतं. म्हणजे बायकोचंच खरं होतं. पहिल्यापासून.

आता लाज वाटणार म्हणून कानसेन गॅससमोर उभा राहिला. पाण्याला बुडबुडे आले. त्याने साखर घातली. लाज वाटायची ती वाटली नाही. छातीत नुसतं बरं वाटत होतं, आणि कान पुन्हा जागेवर आल्यासारखे झाले होते.

बायको आत आली ती चेहरा उतरवूनच. "अहो, तो परत आला. कोपऱ्यापासून इथपर्यंत. आणि मी तर सगळ्या दुकानात सांगून बसले!" तिला अजून त्याच्याच नावाची काळजी होती.

त्याने कप तिच्या हातात दिला. "मला तो सापडलाच नव्हता," तो म्हणाला.

पस्तीस वर्षांत हे वाक्य त्याने कुणाला म्हटलं नव्हतं. वाक्य अगदी सहज आलं. तिने चहावर फुंकर घातली.

"ते मला बारा वर्षांपासून माहीत आहे."

मग तिने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. कानसेन बघत उभा राहिला. त्यानंतर त्याने वही काढली, 'सीटची डावी स्प्रिंग' यावर एक आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'सापडला नाही'. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पण जित्याची खोड. वही ठेवून तो बाहेर गेला आणि त्याची मान आपोआप तिरकी झाली. सीट नाही, तर मग कॅरिअरचा दांडा असेल? की फ्रेमचा सांधा? एकेक जागी थेंबभर तेल टाकत गेलं, तर आठवड्यात कळेल. त्याचा हात बुधलीकडे गेला.

"हात लावायचा नाही," आतून आवाज आला. तिने डोळेसुद्धा उघडले नव्हते.

त्याने बुधली जागेवर ठेवली. "आणि उद्या दुकानात विचारलं तर? काय सांगशील?"

"बारा वर्षं सांगतेय तेच," ती म्हणाली. "मीच हात लावू देत नाही त्यांना. आता निदान खोटं तरी बोलावं लागणार नाही."